तारखा लिहून घे

न्हावा शेवा,
डिसेंबर २०२५

चि. सागर,

तुझा निरोप मिळाला. ५५ टनी घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा ट्रक, पसंत केलास. शोरूमवाला म्हणतो, मागणी फार आहे, एक पैसा सुटणार नाही, संध्याकाळपर्यंत पन्नास हजार टोकन टाका, नाहीतर ही गाडी दुसऱ्याला जाईल. आणि तू विचारतोस, काका, भाव कसा पाडू? टोकन टाकलं नाहीस, हे उत्तम केलंस. भावाचं मात्र जरा बाजूला ठेव.

मागणीबद्दल शोरूमवाला खोटं बोलत नाही. २२ सप्टेंबरपासून ट्रकवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मूळ किंमत ३२ लाख धरलीस तर ३ लाख २० हजारांचा फरक. कर कमी होणार अशी कुणकुण १५ ऑगस्टपासूनच होती, तेव्हा ज्यांनी हात आखडता घेतला ते सगळे एकदम बाजारात उतरले. करंजाच्या धक्क्यावर पापलेट कमी आलं की लिलावात घासाघीस करणाऱ्याकडे कोणी मान वळवत नाही, तसंच हे. अशा वेळी एक्स-शोरूम भावावर तीन तास घालवलेस तर वीस-तीस हजार सुटतील, आणि तेवढेच तो हँडलिंग, लॉजिस्टिक, अ‍ॅक्सेसरीज अशा नावांनी दुसऱ्या खिशातून काढेल. हँडलिंगची ओळ मात्र खोडायलाच लाव. गाडी शोरूमपर्यंत आणणं हे त्याचं काम आहे.

तुझा पैसा खरा अडकतो तो तारखांमध्ये. हिशेब करून बघ. ३० लाखांचं कर्ज, पाच वर्षं, ११ टक्के घटत्या शिलकीवर, तर हप्ता ६५ हजारांच्या घरात. पहिल्याच हप्त्यात साडेसत्तावीस हजार नुसतं व्याज. बँकेने शोरूमला पैसे सोडले की हप्त्याचं घड्याळ सुरू होतं. तुझी गाडी यार्डात प्लास्टिक गुंडाळून उभी आहे की करळ फाट्यावर कंटेनर ओढते आहे, याच्याशी बँकेला देणंघेणं नाही. भावात चाळीस हजार सोडवून आणलेस आणि गाडी महिनाभर उशिरा आली, तर ते चाळीस कुठे गेले ते शोधत बसशील. म्हणून कोटेशनवर लिहून घे: चॅसिस नंबर मिळाल्याशिवाय कर्जाचे पैसे सुटणार नाहीत, आणि अमुक तारखेपर्यंत ताबा मिळाला नाही तर टोकन पूर्ण परत. जो तोंडी हो म्हणतो आणि लिहून द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडे गाडीच नाही असं धर.

मागचा ट्रेलरही विसरू नकोस. घोडा एका ठिकाणी, ४० फुटी सांगाडा दुसऱ्या कारखान्यात. आपल्याकडची पोरं घोडा आधी घरी आणतात, ओवाळतात, फोटो काढतात, आणि मग ट्रेलरवाल्याच्या मागे लागतात. तू उलट कर. ट्रेलर कधी मिळेल ते आधी पक्कं कर आणि त्या आठवड्यात घोड्याचं बिल फाडायला सांग. बिल झालं की विमा चालू, आणि परमिट काढलं की नॅशनल परमिटचे वर्षाचे १६,५०० रुपयेही चालू. फुकट उभी राहणारी गाडी फुकट नसते.

गाडी कधी बनली, हीही तारीख विचार. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. सप्टेंबरात बनलेली गाडी डिसेंबरात विकली तर नियमात बसते, पण तिच्यात एसी असेलच असं नाही. मे महिन्यात बंदराच्या पार्किंगमध्ये नंबरची वाट बघत बसशील तेव्हा हा फरक कळेल. शिवाय आत्ता वर्षअखेर आहे. आरसी बुकावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापून येतं, आणि सहा वर्षांनी विकायला काढशील तेव्हा गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच बघेल. डिसेंबरात बनलेली गाडी शोरूमवाला ‘शेवटची एकच’ म्हणून दाखवत असेल तर तिथे मात्र भाव पाडायला जागा आहे, कारण जानेवारीत ती त्याच्याच गळ्यात जुनी होते. नाही सोडला पैसा, तर जानेवारीत बनलेली माग.

तारखांनी माणसं कशी बुडतात आणि तरतात, हे या धंद्याने दोनदा तरी पाहिलं. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून प्रदूषणाच्या जुन्या, बीएस-३ निकषाच्या गाड्यांची विक्री बंद केली. आदल्या आठवड्यात ताठ बसलेले विक्रेते दोन दिवसांत सवलतींचे फलक लावून मोकळे झाले. पुढे बीएस-४ साठी ३१ मार्च २०२० ही मुदत ठरली, ऐन शेवटी टाळेबंदी आली, आणि ज्यांनी पासिंग, म्हणजे आरटीओतली नोंदणी, लांबवलं होतं त्यांचे जीव टांगणीला लागले. गाडी तीच, फक्त कागदावरचा दिवस वेगळा.

आता कर्जाचं. शोरूममध्ये बसलेला फायनान्सवाला ‘फक्त ६ टक्के’ म्हणेल. तो फ्लॅट दर, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज. पाच वर्षांना तो घटत्या शिलकीच्या ११ टक्क्यांच्या आसपास जातो. फसवणूक नाही ही, पण तुलना करताना दोन्ही एकाच भाषेत आण. आणि एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते: रोख देतो म्हटलं की भाव उतरतो असं नाही. शोरूमला कर्ज मिळवून देण्यावर कमिशन असतं, रोखीवर नाही. आपल्या उरण तालुक्यात कोणाला संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे पैसे आले याची खबर विक्रेत्यांना आपल्याआधी असते. १९८४ च्या शेतकरी आंदोलनात गोळीबार होऊन पाच माणसं गेली, त्या लढ्यातून मिळालेला हक्क आहे तो. तो पैसा टेबलावर मिरवू नकोस. आधी गाडीचा भाव ठरव, मग कर्जाची गोष्ट काढ.

विमा शोरूममधूनच घ्यायला हवा असं कोणी म्हटलं तर हसून सोड. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ च्या तक्त्यात ४० टनांवरच्या मालवाहू गाडीला ४४,२४२ रुपये आहे, त्यात घासाघीस नाही. बाकीचा भाग, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, तिथे कंपनीकंपनीत मोठा फरक पडतो. बाहेरून दोन भाव आण. पॉलिसीला आयएमटी-२३ हे जादा कलम जोडलंय का ते बघ, नाहीतर दिवे, टायर, मडगार्ड यांचं नुकसान तुझ्या खिशातून जाईल.

‘जीएसटी परत मिळतो’ हेही ऐकशील. तू गाडी दुसऱ्या ट्रान्सपोर्टरकडे भाड्याने लावणार आहेस. ती सेवा करमुक्त आहे, म्हणून गाडीवर भरलेला जीएसटी तुला मिळणार नाही. तो धरून हप्ता ठरवू नकोस. सीएला विचारून घे.

टाटा, लेलँड, आयशर, भारतबेंझ, चौघांची लेखी कोटेशनं घे. त्याच कंपनीचा पुण्याचा किंवा नाशिकचा विक्रेताही विचारात ठेव. तात्पुरता नंबर घेऊन गाडी आणता येते आणि पासिंग आपल्याच आरटीओत होतं. पण सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बघूनच दूरची गाडी घे. उभ्या गाडीला कळंबोलीपर्यंत ओढून न्यायचा खर्च एका झटक्यात बचत खातो.

तुझ्याकडे मात्र विक्रेत्याकडे नसलेली एक गोष्ट आहे. तुला घाई नाही. त्याला महिनाअखेरचा आकडा गाठायचा आहे, तुला नाही. न्हावा शेव्याचं बंदर १९८९ पासून चालू आहे, जानेवारीतही चालू असेल.

टोकन दिलंस तर चेकने किंवा ऑनलाइन दे, आणि पावतीवर मॉडेल, रंग, भाव, ताब्याची तारीख घाल. बिल तुझ्या स्वतःच्या नावावर घे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची धरली जात नाही, त्यामुळे वाद झाला तर ग्राहक आयोगाचं दार तुला उघडं राहतं. पुढच्या रविवारी चारही कोटेशनं घेऊन ये. शोरूमला मी बरोबर येईन, पण बोलायचं तू.

तुझा,
भाऊकाका