सदैव कर्तव्यावर

रात्री तीन वाजता एखादी बाई मूल कडेवर घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढते. नवऱ्याने मारलेले असते. समोरचा ठाणे अंमलदार ड्यूटीच्या चौदाव्या तासात असेल, तर तो काय म्हणेल? ‘घरातलं भांडण आहे, सकाळी या.’ आपण याला उर्मटपणा म्हणतो, आणि पुष्कळदा तो असतोही. पण थकव्यातूनही उर्मटपणा येतो.

क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कामाने करपून गेलेल्या माणसाची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपणे, समोरच्याविषयी मन कोरडे पडणे आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटणे. पहिले आणि तिसरे पोलीस आणि त्याचे घर सोसते. दुसरे थेट त्या बाईच्या वाट्याला येते.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम २८ सांगते की रजेवर किंवा निलंबित नसलेला पोलीस सदैव कर्तव्यावर मानावा. चोर समोरून पळत असताना ‘माझी पाळी संपली’ असे कोणी म्हणू नये, इतपत ते रास्तच आहे. पण अडीअडचणीच्या क्षणासाठीचे हे कलम रोजच्या ड्यूटीच्या तक्त्यात शिरले. बारा तासांवर बंदोबस्त, गणपतीत रजा बंद, आणि पोराच्या शाळेतला कार्यक्रम दरवर्षी बायकोच्या फोनमध्ये बघायचा.

तक्रार करायची कुठे? ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईचे पोलीस संपावर उतरले, तेव्हा लष्कर बोलावले गेले आणि त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. गिरणी कामगाराने आठ तास मागून घेतले. त्याच्या मोर्चावर उभ्या असलेल्या शिपायाला ते मागता आले नाहीत.

म्हणून २०१६ मधला देवनार पोलीस ठाण्यातला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. आठ तास ड्यूटी, सोळा तास विश्रांती. आयुक्त दत्ता पडसलगीकर होते, पण तीन पाळ्यांचे गणित मांडले त्याच ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याने. वरिष्ठाने ते ऐकून घेतले, हीच मला त्यातली मोठी गोष्ट वाटते. ताणमुक्तीची शिबिरे, योगवर्ग जरूर घ्यावेत. पण झोप राहिलेल्या माणसाला प्राणायाम शिकवण्याआधी घरी सोडावे.

बंदोबस्त आला की हे आठ तास सर्वांत आधी मोडतात. तेही समजू शकते. मात्र विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मांडव उतरत असताना, रात्रभर चौपाटीवर उभी राहिलेली तीच माणसे सकाळच्या हजेरीला पुन्हा रांगेत का उभी असतात?