टाकाऊतून टिकाऊ?



आजचा श्लोक सगळ्यांच्या ओळखीचा. गीता, अध्याय २, श्लोक २२. माणूस जीर्ण वस्त्रं टाकून नवी घेतो, तसाच देही जुनं शरीर सोडून नवं घेतो. हा श्लोक आपण बहुतेक वेळा घरात कुणी गेल्यावर ऐकतो आणि सगळं लक्ष आत्म्याकडे लागलेलं असतं. आज मला मात्र त्या उपमेतल्या कपड्याबद्दल बोलायचंय. टाकलेल्या त्या कपड्याचं पुढे काय झालं?

प्रश्न पोरकट वाटेल, पण आजूबाजूला बघा ना. शाळेच्या प्रकल्पांपासून रील्सपर्यंत सगळीकडे ‘टाकाऊतून टिकाऊ’ चालू आहे. बाटलीचा पेनस्टँड, जुन्या सीडींचं तोरण, बांगड्यांचा मेणबत्तीदान. करायला मजा येते, आणि आपण काहीतरी चांगलं केलं असंही वाटतं. या ‘चांगलं केलं’वर जरा थांबूया.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कौशांबीचा राजा उदयन. त्याच्या राण्यांनी आनंदाला ५०० वस्त्रं दान दिली. राजाला शंका आली, हा भिक्षू एवढ्या कपड्यांचं करणार काय, दुकान टाकणार की काय? त्याने जाऊन सरळ विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं विरली आहेत त्यांना वाटीन. मग त्यांच्या जुन्या चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गादीच्या खोळी. खोळी जुन्या झाल्या की जमिनीवर अंथरायला. ती अंथरुणं झिजली की पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि फडकीही संपली की ती कुटून, मातीत मळून जमीन लिंपायची. राजा इतका खूश झाला की त्याने आणखी ५०० वस्त्रं दिली!

मला यात आवडतं ते हे, की वस्तू पायरी पायरीने खाली येते. अंगावरून पायाखाली, पायाखालून मातीत. कुठल्याच टप्प्यावर तिला शोकेसमध्ये बसवत नाहीत. आणि प्रत्येक टप्प्यावर गरज आधी आहे, वस्तू नंतर. पायपुसणं लागणारच होतं, म्हणून चिंधी कामी आली. आपलं बऱ्याचदा उलटं होतं. बाटली हातात आहे, म्हणून आपण पेनस्टँडची गरज शोधतो. घरात तीन पेन, त्यातलं एक चालतं.

इथे माझ्यातला इंजिनिअर थोडा बोलणार, चालवून घ्या. प्लास्टिकची स्वच्छ बाटली भंगारवाल्याकडे गेली तर तिचे तुकडे करून, वितळवून त्यातून धागा निघू शकतो. तिच्यावर ॲक्रिलिक रंग, गरम गोंद, चमकी आणि लेस चढवली की ती कुणीच घेत नाही. चार वेगवेगळे पदार्थ एकमेकांना चिकटले, आता ते सुटे करणं परवडत नाही. म्हणजे काय, तर आपण तिचा पुढचा जन्म अडवला. वर मनात हिशोबही मिटला. ऑनलाइन मागवलेल्या खोक्याचं काहीतरी करून टाकलं की पुढचं खोकं मागवायला हात मोकळा होतो. हे प्रायश्चित्त नाही, ही तर आगाऊ घेतलेली परवानगी झाली.

म्हणून लहान मुलांना ओरडू नका हं. त्यांचं वेगळं आहे. दिवाळीतला किल्ला आठवा. पोतं, विटा, माती, वर पेरलेले हळीव. चार दिवस शिवाजी महाराज सिंहासनावर, आणि नंतर माती कुंडीत, विटा कोपऱ्यात, मावळे डब्यात. टिकाऊ काहीच केलं नाही आणि फुकटही काही गेलं नाही. गणपतीच्या मखराचंही तसंच करता येतं. २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर आपल्याकडे बंदी आहे, तेव्हापासून कितीतरी घरांत पुठ्ठा आला. तो नुसता दोरीने बांधला तर विसर्जनानंतर सरळ रद्दीत जातो.

पण श्लोक परत वाचला की तो ‘जीर्ण’ शब्द टोचतो. नुसता जुना कपडा नव्हे, विरलेला. आपल्या कपाटातून जे बाहेर जातं त्यातलं किती खरंच विरलेलं असतं? टी-शर्ट धड असतो, कंटाळा आपल्याला आलेला असतो. जुन्या घरांत गोधडी व्हायला लुगडं आधी पुरतं वापरून मऊ व्हावं लागायचं. नव्या कापडाची गोधडी कुणी शिवत नसे, ती टोचते.

आणि याच्या दुसऱ्या टोकालाही पेच आहे. आमची आजी गेल्यावर तिची पाच नऊवारी लुगडी उरली. आत्या म्हणाली, “वहिनी, कापू नका हो, तिचा वास आहे त्यांना.” आई म्हणाली, “वन्सं, कपाटात ठेवून कसर लागली तर तो वासही जाईल.” दोघींचंही बरोबर होतं. जपून ठेवणं म्हणजे प्रेम, की अपरिग्रहाच्या आड येणारी आसक्ती? आणि कापणं म्हणजे वैराग्य, की नुसता कोरडेपणा? गीतेतून याचं थेट उत्तर काढायचा मी बराच प्रयत्न केला. आजीने स्वतःचं जीर्ण वस्त्र सोडलं होतं, आम्ही तिच्या लुगड्यापाशी अडलो होतो. मला वाटतं, फरक कात्री लावण्यात नाहीच. ती वस्तू अजून कुणाच्या अंगाला लागते का, एवढाच प्रश्न आहे. बंद कपाटातल्या लुगड्याची ऊब कुणालाच मिळत नव्हती.

शेवटी एक लुगडं आत्याने अख्खं नेलं. चारांची गोधडी झाली, कडेने सुरू करून आत आत जाणारा धावदोरा, आईने दोन महिने दुपारी बसून घातला. सध्या ती माझ्या पुतणीकडे आहे. ती तिच्यावर दूध सांडते, तिचा तंबू करते, आणि एक कोपरा तिने चघळून चघळून जवळजवळ विरवलाय. आईने त्या कोपऱ्याला ठिगळ लावायला एक जुना परकर बाजूला काढून ठेवलाय.