बंदिशाळेतील हर्ष
(फिलिप्पै. ४:४)

पाऊस लांबून बाजरी करपू लागली, म्हणजे प्रभूमध्ये हर्ष करण्याची आज्ञा कानांस कठीण वाटते. परंतु ती पौलाने बंधनात असता लिहिली. त्याच फिलिप्पै नगरात पूर्वी फटके खाऊन, पाय खोड्यांत असता, त्याने व सीलाने मध्यरात्री गीते गाइली. जखमा दुखत नव्हत्या, असे शास्त्र म्हणत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे पाहा. पती १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा विरहाचे दिवस त्यांनी रडून काढिले. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त त्या ते दुःख लपवीत नाहीत, तरी स्वतःवर हसतातही!

उपदेशकांनो, दुःखिताच्या दारी नुसता हर्षाचा उपदेश करून परतू नका. आधी त्याचे ऐका. सायंप्रार्थनेत प्रथम गाऱ्हाणे सांगा, मग त्या दिवशी मिळालेले एक तरी दान आठवा. मुलांसही विचारा, त्यांस पुष्कळ आठवते.