अजून किती थांबायचं?

माझी ताई सत्तेचाळीस वर्षांची. आमवात तिला तिशीतच जडला. डॉक्टर गुडघा बदलायला सांगतात आणि ती ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणते. मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे तिची उलटतपासणी माझ्याच वाट्याला येते.

ताई : कृत्रिम गुडघा जन्मभर पुरेल का? साठी-पासष्टीत पुन्हा उघडावा लागला तर? दुसरं ऑपरेशन जास्त अवघड असतं ना?

मी : असतं. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. पण त्यातले बहुतेक रुग्ण तुझ्यापेक्षा वयानं मोठे होते. तो आकडा तुला जसाच्या तसा लावता येणार नाही.

ताई : मग थांबलेलंच बरं. सोसायची सवय आहे मला.

मी : थांबून गुडघा आहे तसा राहिला असता, तर मीही थांब म्हटलं असतं. खुर्चीतून उठताना तू आता तळहात टेकवत नाहीस, कोपरं टेकवतेस. गुडघा पूर्ण सरळ होत नाही, मांडी बारीक झालीय. आखडलेला गुडघा ऑपरेशननंतरही सहजासहजी सरळ होत नाही.

ताई : म्हणजे पासष्टीतल्या बाईची काळजी करत मी आज घरात बसायचं, की आज चालायचं आणि पुढचं तिच्यावर सोडायचं?

यावर मी बराच वेळ बोलले नाही. उद्याच्या माणसासाठी आजच्या माणसानं किती सोसावं, याचं उत्तर कुठल्याच एक्स-रेत दिसत नाही.

मी : त्या बाईलाही पायात बळ लागेलच ना? आज बसून काढलेली वर्षं तिलाच भोवतील.

ताई : आणि जखम चिघळली तर? औषधं बंद केली तर सगळे सांधे पेटतात, चालू ठेवली तर जंतुसंसर्गाची भीती.

मी : खरा पेच तोच आहे. आमवातात संसर्गाचा धोका नुसत्या झिजेच्या रुग्णांपेक्षा जास्त असतो, शून्यावर कधीच येत नाही. पण अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी आणि सांधेबदल शल्यविशारदांनी मिळून २०१७ मध्ये यासाठी सूचना काढल्या, २०२२ मध्ये त्या सुधारल्या. तुझं आठवड्याचं मेथोट्रेक्सेट चालू ठेवायचं. बायोलॉजिक इंजेक्शनचा पुढचा डोस टाळायचा, त्याची वेळ उलटली की ऑपरेशन. टाके निघून जखम नीट भरली, की साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा सुरू.

ताई : मानेचा एक्स-रे कशाला सांगितलाय? गुडघा मानेत आहे का?

मी : आमवातात मानेतल्या वरच्या दोन मणक्यांचा जोड सैल झालेला असू शकतो. भूल देताना मान वळवावी लागली, तर ते आधीच कळलेलं बरं. वॉकरही कोपरापासून हाताला टेकू देणारा लागेल. तुझ्या बोटांना साध्या वॉकरची मूठ धरवणार नाही.

ताई : धोका शेवटी माझाच.

मी : हो, तुझाच. म्हणून होकार किंवा नकार तू द्यायचास, आणि तो मला मान्य असेल. पण थांबण्यात धोका नाही असं समजून थांबू नकोस. आधी संधिवाततज्ज्ञ आणि हाडांचे डॉक्टर यांचं आपसात बोलणं होऊ दे. होकार दिलास, तर तारीख इंजेक्शनचं वेळापत्रक बघून ठरवू. दिवाळी मध्ये आली तर फराळ मी करीन.