लोकशाही डोंगरांनी घडवली नाही

प्राचीन ग्रीसबद्दल एक स्पष्टीकरण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. डोंगररांगांनी प्रदेशाचे तुकडे पाडले, त्यातून छोटी नगरराज्ये उभी राहिली आणि नगरे छोटी म्हणून तिथे लोकशाही रुजली. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. शेवटचा मला पटत नाही. टायगेटस पर्वताच्या पायथ्याशी, युरोटास नदीच्या खोऱ्यात वसलेला स्पार्टाही डोंगरांनी वेढलेलाच होता. तिथे दोन राजे, एफोर नावाचे पाच अधिकारी आणि ज्येष्ठांचे मंडळ कारभार पाहत, आणि शेती हेलट या अंकित लोकांकडून करवून घेतली जाई.

अथेन्समध्ये तर भूगोल लोकशाहीच्या आड येत होता. ॲटिकाचा सारा मुलूख अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. तरीही इ.स.पू. सहाव्या शतकात मैदानातले, किनाऱ्यावरचे आणि डोंगराळ भागातले असे तीन गट तिथे एकमेकांशी झगडत होते. डोंगराळ भागातल्या गटाच्या पाठिंब्यावर पिसिस्ट्राटस हुकूमशहा झाला. जो जिथे राहतो तिथल्या बड्या घराण्याच्या मागे जातो, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

इ.स.पू. 508-507 च्या सुमारास क्लिस्थेनीस या अथेनियन नेत्याने नेमकी हीच गाठ तोडली. त्याने नागरिकांच्या दहा नव्या जमाती पाडल्या आणि प्रत्येक जमातीत तीन तुकडे घातले: एक शहरातला, एक किनाऱ्यावरचा, एक आतल्या भागातला. जमात एकच, पण तिची गावे एकमेकांपासून दूर. या प्रत्येक जमातीतून पन्नास जण पाचशेंच्या परिषदेत जात. पुढे ही निवड चिठ्ठ्या टाकून होऊ लागली आणि आयुष्यात दोनदाच परिषदेत बसता येई. सैन्याच्या तुकड्याही जमातवार. किनाऱ्यावरचा कोळी आणि आतल्या भागातला शेतकरी एकाच तुकडीत लढले, एकाच परिषदेत शेजारी बसले. ही ओळख कोणत्याही दरीखोऱ्याने करून दिली नव्हती. माझ्या मते ग्रीकांच्या राजकीय बुद्धीचा हा सर्वांत मोठा पुरावा आहे.

निसर्गाने दिले ते ॲटिकातल्या लॉरियमच्या खाणीतले रुपे. इ.स.पू. 483 च्या सुमारास तिथे मोठा साठा लागला, तेव्हा तो नागरिकांत वाटून टाकण्याचा विचार होता. थेमिस्टोक्लीस या नेत्याने नागरिकांच्या सभेला पटवले आणि त्या पैशातून युद्धनौका बांधल्या. पर्शियनांविरुद्धच्या सालामिसच्या लढाईत त्या कामी आल्या आणि वल्ही मारणाऱ्या गरीब नागरिकांचे वजन वाढले.

पण त्या खाणींत गुलाम राबत होते. सभेत स्त्रियांना, गुलामांना आणि परक्या रहिवाशांना जागा नव्हती. इ.स.पू. 451 च्या पेरिक्लीसच्या कायद्याने तर आई-वडील दोघेही अथेनियन असल्याशिवाय नागरिकत्वच नाकारले. सारे श्रेय डोंगरांना दिले, तर हा अन्यायही निसर्गाच्या खात्यावर जातो आणि कोणीच जबाबदार उरत नाही. म्हणून ते स्पष्टीकरण मला निव्वळ अपुरे नव्हे, घातक वाटते. लोकशाही माणसांनी उभारली, तिच्या भिंती माणसांनीच घातल्या आणि ती मोडलीही माणसांनीच. इ.स.पू. 322 मध्ये मॅसेडोनियाच्या अँटिपेटरने अथेन्सच्या नागरी हक्कांसाठी दोन हजार द्राक्मांच्या मालमत्तेची अट घातली, आणि हजारो गरीब नागरिकांचे मत गेले.