भाकीत आणि निवाडा

वालूरसारख्या गावातील एखाद्या कर्त्या पुरुषाला अकस्मात फेफरे येते. सेलू, परभणी असे करीत तो मोठ्या शहरातील रुग्णालयात पोहोचतो. एम.आर.आय.च्या फिल्मचे पाकीट हाती पडताच नातलग विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, गाठ साधी आहे की वाईट?’ शस्त्रक्रियेपूर्वीच या प्रश्नाला उत्तर देण्याचे सामर्थ्य आज विज्ञानाला पुष्कळ अंशी लाभले आहे. पण त्या उत्तराचे आपण काय करावे?

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये सी.टी. स्कॅनच्या साहाय्याने प्रथमच एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील गाठ कवटी न उघडता पाहण्यात आली. त्या काळी गाठीचे ठिकाण कळणे हेच मोठे होते. आज नसेतून दिलेले औषध गाठीत कसे उतरते, तिच्यात रक्त किती खेळते, यांवरून ती १ ते ४ यांपैकी कोणत्या श्रेणीची असावी, याचा अंदाज बांधता येतो. संगणकही या कामी जुंपले गेले आहेत.

तरीही तो अंदाजच होय. कड्यासारखी उजळ किनार घातक कर्करोगात दिसते, तशीच क्षयाच्या गाठीतही दिसते; आणि क्षयाची गाठ बहुधा औषधांनी विरघळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणानुसार तर जनुकीय बदलही तपासावे लागतात. अखेरची साक्ष काढलेल्या तुकड्याचीच.

खरा पेच पुढेच आहे. ‘चौथ्या श्रेणीची असावी’ हे शब्द कानी पडताच घरात हिशेब सुरू होतो : दोन एकर विकून किती महिने मिळणार? हा प्रश्न निर्दयपणाचा नव्हे. गरिबीला तो टाळता येत नाही. असाधारण, जड भाराचे उपचार घेण्याचे बंधन माणसावर नाही, असे पोप बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे स्पष्ट केले होते. मात्र रुग्ण बेशुद्ध असला तरी कुटुंबाने त्याचीच इच्छा प्रमाण मानावी, असेही त्यांनी सांगितले.

आपल्याकडे रुग्ण शुद्धीवर असतानाही त्याला बाहेर बाकावर बसवून आत निर्णय होतो. ‘साधी सूज आहे’ असे त्याला सांगणे आपल्याला माया वाटते. वस्तुतः शस्त्रक्रियेपूर्वीचे हे दिवस फार मोलाचे असतात. वाचा आणि स्मृती नंतर तशाच राहतील याची खात्री नसते. शेताची वाटणी, रुसलेल्या भावाशी बोलणे, पापनिवेदन, ही कामे त्याच्यावाचून दुसरा कोण करील?

म्हणून फिल्मवरचे भाकीत प्रथम त्याच्यापुढे ठेवावे. अंदाज म्हणून, हळुवारपणे. आणि तत्पूर्वी त्याला विचारावे, ‘तुम्हांला किती जाणून घ्यायचे आहे?’