लिटल मिस कॉट कोण होती?

जून १९६१. अमेरिकेतल्या एका नवरा-बायकोनं एकाच महिन्यात एकमेकांच्या अल्बममध्ये टोपणनावानं वाजवलं. तो स्टॅन्ली टरेंटाइन, टेनर सॅक्सोफोनवाला. ती शर्ली स्कॉट, हॅमंड ऑर्गनवर. तो ब्लू नोट कंपनीचा, ती प्रेस्टिजच्या करारात. तिच्या ‘हिप सोल’वर तो ‘स्टॅन टर्नर’ झाला आणि त्याच्या ‘डिअरली बिलव्हेड’वर ती ‘लिटल मिस कॉट’.

हे खोटं बोलणं होतं का?

करार म्हणजे दिलेला शब्द. टोपणनाव घेतलं की कागद शाबूत राहतो, शब्द मात्र मोडतो. पण फसलं कोण? जाणकार कानाला तिचा ऑर्गन ओळखायला नावाची गरज नव्हती. कंपनीचं काही बिघडलं असेल, तर ते फार थोडं. खरी किंमत मोजली वाजवणाऱ्यानंच. काम त्याचं, आणि नाव अस्तित्वातच नसलेल्या माणसाचं.

वरवर हिशेब बरोबरीचा दिसतो. दोघंही लपले. तरी नावं नीट बघा. ‘स्टॅन टर्नर’ हा चारचौघांसारखा प्रौढ पुरुष वाटतो. ‘लिटल मिस’ म्हणजे कुणीतरी छोटी, अविवाहित पोरगी. आणि ही ‘छोटी’ काय करत होती? ‘डिअरली बिलव्हेड’मध्ये फक्त तीन माणसं आहेत: सॅक्सोफोन, ऑर्गन आणि ड्रम्सवर रॉय ब्रुक्स. बास वाजवणारा वेगळा नाहीच. म्हणजे खालचा खर्ज आणि मधले स्वर, सगळी जमीन एकटीनं धरलेली. त्या जमिनीवर सॅक्सोफोन ऐटीत चालतो आणि आपण म्हणतो, वा, काय चालतो!

मराठीत ‘श्रेय’ म्हणजे केलेल्या कामाची पावती, आणि ‘श्रेय’ म्हणजे जे खरोखर हिताचं आहे तेही. मला हे दोन अर्थ एकमेकांपासून लांबचे वाटत नाहीत. ज्याचं त्याला श्रेय देण्यात उपकार नसतो, त्यात ऐकणाऱ्याचंही हित असतं. कुणी काय केलं हे कळलं की कान तिथं पोचतो. नाही कळलं, तर अर्धं संगीत समोर वाजत असूनही ऐकू येत नाही.

आज कुणाला लपवायची गरज नसेलही. तरी गाणं वाजताना फोनच्या छोट्या पट्टीवर बहुतेकदा एकच ठळक नाव मावतं. बाकीची माणसं शोधायचं काम आपल्यावर येतं. ते टाळण्यात गुन्हा नाही, पण दोष आहे असं मला वाटतं.

‘डिअरली बिलव्हेड’ लावा. पहिली दोन मिनिटं सॅक्सोफोनला जाऊ द्या त्याच्या वाटेनं. त्याच्या खाली काय चाललंय, ते ऐका.